प्रोजेक्ट वीकला बसण्याआधी: जळगाव-धुळे-नंदुरबारच्या नवख्यांसाठी

दरवर्षी मे महिना आला की दोन-चार मुलं विचारायला येतात. कुणी बांभोरीकडचं, कुणी शिरपूरचं, एखादी धुळ्याच्या मेडिकलची इंटर्न. प्रश्न एकच असतो: "सर, प्रोजेक्ट वीकला नाव द्यायचंय, काय तयारी करू?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

आधी थोडक्यात ओळख. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी अशा वैद्यकीय प्रतिमांवर संगणकाने काम करणारे लोक वर्षातून दोनदा एक आठवडा एकत्र बसतात. एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात. हा नॅमिक प्रोजेक्ट वीक. नॅमिक म्हणजे नॅशनल अलायन्स फॉर मेडिकल इमेज कम्प्युटिंग, आणि हे आठवडे २००५ पासून चालू आहेत. एमआयटी, मॉन्ट्रियल, कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास अशा ठिकाणी ते भरले आहेत. २०२० मध्ये करोनामुळे आठवडा पूर्ण ऑनलाइन भरवावा लागला आणि तेव्हापासून लांबून सामील होणं रुळलं. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी तोच रस्ता आहे, म्हणून विमान आणि व्हिसाबद्दल इथे काही लिहीत नाही.

तिथे भाषणं कमी आणि काम जास्त असतं. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. सोमवारी प्रत्येक गट आपलं काम दोन मिनिटांत सांगतो, शुक्रवारी किती झालं ते दाखवतो, आणि मधले दिवस शेजारच्याला विचारत, त्याचं बघत, आपलं पुढे ढकलत जातात. पाच दिवस हां हां म्हणता संपतात. त्यांत काही हाताला लागायचं असेल, तर सगळं त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांवर असतं. त्या सहा आठवड्यांतलं मुख्य काम म्हणजे आपला विषय छाटून छोटा करणं. मुलं नेमकं हेच करत नाहीत.

सहा आठवडे आधी: विषय धरा आणि छाटा

पहिल्यांदा सगळे मोठाच विषय आणतात. "एआयने कॅन्सर ओळखायचा." चांगली इच्छा आहे, पण पाच दिवसांत त्याचा एक कोपराही हलत नाही. मी कसा छाटतो ते एका उदाहरणावर दाखवतो.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात सिकलसेल आहे, हे आपल्याला सांगायला नको. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. या आजारात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचं वरचं डोकं, म्हणजे खुब्यात बसणारा गोळा, तिथला रक्तपुरवठा तुटला की हाड मरतं आणि हळूहळू चपटं होतं. विशी-पंचविशीतलं पोरगं लंगडायला लागतं. एखाद्या विद्यार्थ्याला हे मनापासून लागलेलं असतं, कारण त्याने ते गावात बघितलेलं असतं. तो म्हणतो, "सर, सिकलसेलचा खुबा एआयने ओळखू."

पहिली छाटणी: 'ओळखू' काढा. निदान डॉक्टर करतात. आपण मोजू. दुसरी छाटणी: काय मोजायचं? अगदी सुरुवातीचा बदल एमआरआयवर दिसतो, पण एमआरआयचा डेटा आपल्याला मिळणार नाही. सीटीवर आकार मोजता येतो, मग आकारच घ्या. तिसरी छाटणी: आकारातलं काय? निरोगी गोळा जवळजवळ गोलच असतो. मग एक काल्पनिक गोल त्यावर बसवायचा आणि हाडाचा पृष्ठभाग त्या गोलापासून कुठे, किती मिलिमीटर आत गेलाय, ते रंगाने दाखवायचं. चौथी छाटणी: आजारी खुबे मिळण्याची वाट बघायची नाही. आधी निरोगी खुब्यांवर हे बरोबर चालतं का, एवढंच तपासायचं.

आता विषय असा झाला: "सार्वजनिक सीटीतल्या वीस निरोगी खुब्यांवर गोल बसवून पृष्ठभागाचं अंतर दाखवणारं छोटं मॉड्यूल." मॉड्यूल म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. ऐकायला साधं वाटतं. पण हे पाच दिवसांत होतं, आणि झालं की उद्या नंदुरबारच्या खुब्यावर ते वापरायचा रस्ता उघडतो. छाटून झाल्यावरही तुमचं मन त्यात गुंतलेलं आहे का, ते मात्र बघा. गुंतलेलं नसेल तर विषय बदला, कारण रात्री अकराला प्रोग्रॅम अडतो तेव्हा तेवढाच आधार असतो.

एक डॉक्टर शोधा

एकटा इंजिनिअर या कामात कसा फसतो, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमचा असाच गोल बसवायचा प्रोग्रॅम धडधाकट माणसाच्या खुब्यावरही मधोमध एक लाल डाग दाखवायचा. आम्ही दोन दिवस गणितातली चूक शोधत राहिलो. शेवटी ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्ट मॅडमना स्क्रीन दाखवली. त्यांनी पेनाच्या टोकाने तो डाग दाखवला आणि म्हणाल्या, "अहो, हा तर फोव्हिया. इथे लिगामेंट चिकटतं. हा खड्डा सगळ्यांनाच असतो." गणित बरोबरच होतं, शरीर आम्हाला माहीत नव्हतं. तेवढा भाग मोजणीतून वगळला आणि डाग गेला.

म्हणून एखाद्या डॉक्टरांकडे, निदान निवासी डॉक्टरांकडे जा. आठवड्यातून अर्धा तास मागा, त्याहून जास्त मागू नका. ओपीडी संपल्यावर जा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडूच नका. ते एखादी फिल्म कशी वाचतात, आधी कुठे बघतात, कशावर बोट ठेवतात, ते नुसतं बघा. गट तिघांचा पुरतो: एक प्रोग्रॅम लिहिणारा, एक प्रतिमा समजणारा, आणि एक जो सगळं टिपून ठेवतो. हा तिसरा मिळणं सर्वात अवघड.

डेटा: इथे जरा थांबा

पहिल्या खेपेला आपल्या गावच्या रुग्णाचा डेटा आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नीतिमत्ता समितीची परवानगी, रुग्णाची संमती आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, हे सगळं सहा आठवड्यांत उरकत नाही आणि उरकूही नये.

नाव पुसलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. सीटी, एमआरआय ज्या स्वरूपात साठवतात त्या डायकॉम फाइलमध्ये नाव आणि रुग्ण क्रमांकाबरोबर जन्मतारीख, तपासणीची तारीख-वेळ, दवाखान्याचं नाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव असं बरंच काही वेगवेगळ्या रकान्यांत बसलेलं असतं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे खासगी रकाने वेगळेच. सोनोग्राफीत तर नाव चित्रावरच छापलेलं असतं. ते रकाना पुसून जात नाही. डोक्याच्या सीटीवरून चेहरा उभा करता येतो, अगदी ओळखू येईल इतका. आणि आपल्या भागाची एक खास अडचण आहे. मोठ्या शहरात 'एकोणीस वर्षांची मुलगी, सिकलसेल, डावा खुबा' एवढ्यावरून कोणी सापडत नाही. तालुक्याचं नाव जोडलं की अख्ख्या पाड्याला कळतं ती कोण. गर्भाच्या सोनोग्राफीचा तर विचारही करू नका. १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा काय आहे आणि तो का करावा लागला, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

मग काय वापरायचं? सार्वजनिक संग्रह भरपूर आहेत. द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयाने खुला केलेला टोटलसेगमेंटेटरचा (सीटीतले अवयव आणि हाडं आपोआप आखणाऱ्या प्रोग्रॅमचा) संच आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १२२८ सीटी असून ११७ रचना आखलेल्या आहेत, डावं-उजवं मांडीचं हाड धरून. आपल्या खुब्याच्या विषयाला याहून सोयीचं काही नाही. प्रत्येक संग्रहाचा परवाना वाचा आणि कुठून काय उतरवलं ते तारखेसह वहीत लिहा.

डेटा उतरवला की लगेच एक गोष्ट बघा: कापांची जाडी. सीटी म्हणजे शरीराचे काप. आपल्याकडे केळीचे वेफर्स पाडतात तसा पातळ काप असेल तर चकत्या रचून पुन्हा हुबेहूब केळं उभं राहतं. तेच बोटभर जाडीचे तुकडे केले तर रचल्यावर पायऱ्या दिसतात. आडव्या कापात एक ठिपका साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. काप ५ मिलिमीटरचे असतील तर खुब्याचा गोळा पायरीपायरीचा दिसणार आणि त्यावर गोल बसवून काढलेले आकडे निरुपयोगी ठरणार. एक-दीड मिलिमीटरचे काप घ्या. सेंटरवरून सीडीवर मिळतात त्या जेपीजी फोटोंचा तर या कामाला काहीच उपयोग नाही, कारण त्यांत ना मोजमाप उरतं ना हाउन्सफील्डचे आकडे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची सीटीतली घनता सांगणारे आकडे. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, हाड दोन-तीनशेच्या वर: हा तक्ता पाठ असू द्या, रोज लागतो.

चार आठवडे आधी: स्लायसर

या आठवड्याच्या केंद्रस्थानी असतं ते थ्रीडी स्लायसर, वैद्यकीय प्रतिमा उघडायचं, आखायचं आणि मोजायचं सॉफ्टवेअर. १९९८ च्या सुमारास बोस्टनचं ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या एकत्र कामातून ते सुरू झालं. फुकट आहे, खुलं आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

लॅपटॉप केवढा लागेल? स्लायसरवाल्यांचा ढोबळ नियम असा की जेवढा डेटा उघडाल त्याच्या दहापट मेमरी असावी. हिशोब करून बघा. ५१२ गुणिले ५१२ ठिपके, असे ४०० काप, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट: साधारण २१० एमबी. दहापट म्हणजे दोन जीबीच्या वर, फक्त एका सीटीसाठी. ८ जीबीत सुरुवात होते, १६ असतील तर डोकेदुखी कमी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी या विषयाचं काही अडत नाही.

स्थिर आवृत्तीच घ्या आणि आठवडा संपेपर्यंत ती बदलू नका. एक्स्टेन्शन, म्हणजे स्लायसरला वरून जोडायचे प्रोग्रॅम, आवृत्तीला बांधलेली असतात. रविवारी रात्री उत्साहाने नवी आवृत्ती टाकली की सोमवारी हवं ते एक्स्टेन्शन सापडत नाही. लागणारी सगळी एक्स्टेन्शन, सगळा डेटा आधीच उतरवून ठेवा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर.

उघडल्या उघडल्या आपला डेटा घालू नका. सॅम्पल डेटामधली छातीची सीटी घ्या, उजेड-गडदपणा कमीजास्त करून बघा, सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड (ठरावीक आकड्याच्या वरचे ठिपके निवडणं) लावून हाडं वेगळी काढा, मग त्रिमितीत फिरवा. हे तीन-चार दिवस रोज करा. हात बसला की पायथन कन्सोल उघडा. नवखे लोक स्लायसर मूळ कोडवरून स्वतः बिल्ड करायला जातात. त्याला तास न् तास जातात, डिस्क भरते आणि बहुतेकांना त्याची गरजच नसते. सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करा, एक्स्टेन्शन विझार्डने पायथनचं कोरं मॉड्यूल तयार करा, आणि 'रीलोड' दाबून बदल लगेच बघा. खुब्याचा प्रोग्रॅम यातच होतो. एका पातळीत नसलेले चार बिंदू असले तरी गोल बसतो. आपण शेकड्याने बिंदू घेऊ. गोलाचं समीकरण उलगडून मांडलं की केंद्र आणि त्रिज्या रेषीय समीकरणात येतात, आणि नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या लीस्ट स्क्वेअर्सने ती एका ओळीत सुटतात. बिंदू घेताना मान, म्हणजे गोळ्याखालचा निमुळता भाग, मोजणीत येऊ देऊ नका, नाहीतर गोल खाली ओढला जातो.

डावं-उजवं

याला वेगळं लिहितोय, कारण याने आमची एक अख्खी बुधवारची संध्याकाळ गेली.

स्लायसर आतून जागेचे आकडे उजवीकडे, पुढे, वर असे मोजतं. याला आरएएस म्हणतात. डायकॉम आणि आयटीके (प्रतिमांवर काम करणारी प्रोग्रॅम-लायब्ररी) डावीकडे, मागे, वर मोजतात, ते एलपीएस. तिसरा आकडा तोच राहतो, पहिल्या दोघांची चिन्हं उलटतात. म्हणजे उजव्या खुब्यावरचा जो बिंदू स्लायसरमध्ये ९२, १५, उणे ६४० आहे, तोच बाहेरच्या प्रोग्रॅमला उणे ९२, उणे १५, उणे ६४० दिसायला हवा. आम्ही बिंदू फाइलमध्ये साठवले. स्लायसर ती फाइल एलपीएसमध्ये लिहितं, हे आम्ही बघितलंच नाही. आकडे परत आले ते उजव्याचे डाव्या खुब्याजवळ. दोन्ही खुबे सारखेच दिसतात, त्यामुळे गोल थोडा सरकून बसला, एवढंच वाटलं. चित्र वाईट नव्हतं आणि त्यामुळेच चूक लपली. यकृताचा विषय असता तर क्षणात कळलं असतं.

यावर उपाय साधा आहे. पहिल्याच दिवशी रुग्णाच्या उजव्या बाजूला एक बिंदू ठेवा, साठवा, सगळ्या प्रोग्रॅममधून फिरवून आणा आणि तो त्याच जागी परत येतो का बघा. पडद्यावर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, समोर उभ्या माणसासारखी, हेही गटात सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगा. उद्या कुणी यावरून शस्त्रक्रियेची आखणी करेल, तेव्हा चुकीचा पाय कापला जाण्याइतकी ही गोष्ट गंभीर आहे.

तीन आठवडे आधी: पान लिहा

प्रत्येक कामाचं गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम ठेवायच्या आणि वाटायच्या संकेतस्थळावर, एक पान असतं. कोण आहेत, काम काय, उद्दिष्ट काय, कसं करणार, आणि खाली 'प्रगती' हा रकाना, जो आठवडाभर भरत जायचा. ठरलेला साचा मिळतो. गिट, म्हणजे फाइलमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम, येत नसेल तर हे आठ दिवस त्याला द्या: फोर्क, ब्रँच, कमिट, पुल रिक्वेस्ट, एवढं पुरे. रुग्णाचा डेटा गिटहबवर कधीही चढवायचा नाही. एकदा चढला की इतिहासातून पुसणं फार कठीण.

पानावरचं उद्दिष्ट शुक्रवारी 'झालं' किंवा 'नाही झालं' असं म्हणता येईल असं लिहा. "खुब्याच्या विश्लेषणावर काम करणे" याला काही अर्थ नाही. "वीस खुब्यांपैकी प्रत्येकावर गोल बसवणे, आणि दोन माणसांनी वेगवेगळी आखणी केल्यावर त्रिज्येत किती फरक पडतो ते मोजणे" हे चालेल. दोघांच्या आखणीचा मेळ बघायला डाइस गुणांक काढा. एकाने ५० घनसेंटिमीटर आखलं, दुसऱ्याने ६०, सामाईक निघालं ४५, तर दुप्पट सामाईक भागिले बेरीज, म्हणजे ९० भागिले ११०, ०.८२. हा आकडा माणसांचाच इतका असेल, तर यंत्राकडून ०.९५ ची अपेक्षा का ठेवायची, हा चांगला प्रश्न आहे आणि तिथे चर्चेला घ्या.

आधीच्या आठवड्यांत तयारीच्या ऑनलाइन बैठका होतात. त्यांना जाच. आपल्याच विषयावर दुसरं कुणी काम करतंय, हे तिथेच कळतं, आणि मग वेगळं पान करण्यापेक्षा त्यांच्यात जोडून घेणं शहाणपणाचं.

इंग्रजीची भीती मी समजू शकतो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात अर्धवट इंग्रजी असं आपलं शिक्षण. पण तिथे स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच बोलणारे असतात, तेही अडखळतात. चार वाक्यं लिहून ठेवा: मी कोण, कुठून, काय करतोय, मला काय मदत हवी. आरशासमोर नव्हे, मित्रासमोर म्हणा. शेवटचं वाक्य विसरू नका. मदत काय हवी, हे सांगितल्याशिवाय कोणी येत नाही, आणि सांगितलं की खरोखर येतात. ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं, ती माणसं पंधरा मिनिटं तुमच्या स्क्रीनवर डोकं घालून बसतात. असं दुसरीकडे कुठे मिळत नाही.

वेळ, वीज आणि घरचे

मॉन्ट्रियल किंवा बोस्टनला जूनमध्ये सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. तिथले पाच वाजेपर्यंत इथे रात्रीचे अडीच. लास पाल्मासच्या जानेवारीत मात्र नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच, आणि साडेदहाला रात्री मोकळे. पहिल्यांदा बसणाऱ्याने जमलं तर जानेवारीचा आठवडा धरावा.

जूनचा धरला तर पहिल्या वादळी पावसात लाइट जाणार हे गृहीत धरा. इन्व्हर्टरवर राउटर लावा, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार ठेवा. तयारी मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना होते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मोठी मोजणी पहाटे लावा. घरच्यांना आधीच सांगा की आठवडाभर रात्री जागरण आहे. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी त्याला म्हणायची, "बठ्ठं जमी जाई, आधी भाकर खाय." कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन तो साडेसहाला बसायचा, आणि त्या आठवड्यात त्याने कधी बैठक चुकवली नाही.

त्या पाच दिवसांत

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर हजर राहा. अर्धा तास अडलात की विचारा, त्याच्या आत नको आणि त्याच्या नंतरही नको. विचारताना आवृत्ती, काय केलं, काय अपेक्षित होतं आणि चुकीचा पूर्ण संदेश द्या. रोज झोपण्याआधी पानावरच्या प्रगतीत दोन ओळी आणि एक चित्र टाका. बुधवारी थांबून बघा: उद्दिष्टातलं अर्धंही झालं नसेल तर त्याच दिवशी उरलेलं काढून टाका, वीसचे आठ खुबे करा. शुक्रवारी जे जमलं नाही तेही सांगा. फोव्हियाचा लाल डाग आम्ही दाखवला, तेव्हा सर्वात जास्त प्रश्न त्यावरच आले.

शनिवारी झोप काढा. सोमवारी प्रोग्रॅमला परवान्याची फाइल जोडा, वहीतल्या नोंदी पानावर घ्या, आणि ओपीडी संपायच्या सुमारास डॉक्टरांकडे लॅपटॉप घेऊन जा. त्यांना काम दाखवा आणि आता आजारी खुब्यांसाठी नीतिमत्ता समितीकडे अर्ज कसा करायचा, ते विचारा. बरोबर साधा माऊस न्या. टचपॅडवर गोळा नीट फिरवून दाखवता येत नाही.